नव्या गुडघ्याला शेक हवा, पण बर्फाचा

गुडघा बदलून रुग्ण घरी आला की बघायला येणाऱ्यांची रीघ लागते आणि प्रत्येकाकडे एक उपाय असतो. कुणी गरम पाण्याची पिशवी सुचवते, कुणी तव्यावर तापवलेल्या वाळूची पुरचुंडी, कुणी तिळाच्या तेलाची मालीश. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या सोलापुरातही ‘गार लागले की सांधा आखडतो’ ही समजूत पक्की आहे. त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेला बर्फ बऱ्याचदा फ्रीजरमध्येच राहतो.

वर्षानुवर्षे झिजलेल्या गुडघ्याला उबेने बरे वाटते, हे खरे. मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास विड्या वळणाऱ्या किंवा यंत्रमागाशी दिवसभर उभ्या राहिलेल्या कुणालाही ते ठाऊक असेल. पण शस्त्रक्रियेनंतरचा गुडघा हा तो जुना गुडघा नव्हे. त्यात हाडाचे झिजलेले टोक कापून धातूचे आवरण बसवलेले असते, मध्ये प्लास्टिकची चकती असते आणि भोवतालच्या सगळ्या ऊतींना ताजी जखम झालेली असते. शरीर तिथे रक्तपुरवठा वाढवते, रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो, गुडघा सुजतो आणि गरम लागतो. जखम भरण्याची ही सुरुवातच असते. त्यात बाहेरून आणखी उष्णता दिली, तर रक्तवाहिन्या अधिक रुंदावतात आणि सूज वाढते. जखमेजवळ मालीश केल्याने टाक्यांवर ताण येतो तो वेगळाच.

थंडावा याच्या उलट काम करतो. त्वचा गार झाली की रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि ऊतींत पाझरणारा द्रव कमी होतो. वेदनेचा निरोप मेंदूकडे नेणाऱ्या नसांचा वेगही थंडीने मंदावतो. म्हणून काही काळ ठणका कमी होतो.

फायदा किती, याचे उत्तर मात्र जपूनच द्यावे लागते. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये २२ चाचण्यांचा, म्हणजे १,८३९ रुग्णांचा एकत्रित आढावा घेतला. बर्फ किंवा तत्सम थंडावा दिलेल्यांना दुसऱ्या दिवशी दहापैकी साधारण दीड गुणाने कमी वेदना होत्या. रुग्णालयातून घरी जाताना त्यांचा गुडघा सुमारे आठ अंश अधिक हलत होता. रक्तस्रावही काहीसा कमी दिसला. मात्र हा पुरावा फारसा भक्कम नसल्याचेही त्याच आढाव्यात नोंदवले आहे. थोडक्यात, बर्फ हा चमत्कार नाही. स्वस्त आणि नीट वापरला तर निर्धोक असा मदतनीस आहे. गार पाणी फिरवणारी महागडी यंत्रेही बाजारात मिळतात. साध्या बर्फापेक्षा ती ठळकपणे सरस असल्याचे दिसलेले नाही, त्यामुळे त्यासाठी वेगळा खर्च करायलाच हवा असे नाही.

‘नीट वापरणे’ म्हणजे काय, हे समजण्यासाठी शाळेतले थोडे विज्ञान आठवावे लागते. वितळणाऱ्या बर्फाचे तापमान पूर्ण वितळेपर्यंत शून्य अंशावरच राहते. एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापेल. म्हणून पिशवीतला थोडासा बर्फही गुडघ्याची बरीच उष्णता ओढून घेतो. फ्रीजरमधून थेट काढलेला जेलचा पॅक मात्र शून्याच्या खाली, उणे १५-१८ अंशांपर्यंत असू शकतो. तो काही मिनिटे बाहेर ठेवून, कापडात गुंडाळूनच लावावा. फोडलेला बर्फ आणि पेलाभर पाणी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून तोंड घट्ट बांधले की झाले. ही पिशवी गुडघ्याच्या आकाराला बसतेही छान. रसवंतीवरून आणलेला लादीचा बर्फही चालेल, पण त्याचे पाणी जखमेला लागता कामा नये. कुल्फीच्या सांच्यात घालतात तसे मीठ यात कधीही घालू नये. मिठाने तापमान शून्याच्या बरेच खाली जाते.

पिशवी आणि त्वचा यांच्यात कापड हवेच. त्यासाठी सोलापूरचा प्रसिद्ध टेरी टॉवेल मात्र उपयोगाचा नाही. त्याच्या जाड विणीत अडकलेली हवा थंडावा पोहोचूच देत नाही. पातळ सुती पंच्याची एक घडी पुरे. जखमेवर पट्टी आहे तोवर ती कोरडी राहिली पाहिजे.

वेळ पंधरा ते वीस मिनिटे, त्याहून अधिक नाही. दोन वेळांमध्ये किमान तास-दीड तासाचे अंतर ठेवून दिवसातून चार-पाच वेळा लावता येतो. नेमके किती वेळा आणि किती दिवस, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारावे. पिशवी बांधून झोपी जाणे ही सगळ्यात धोक्याची चूक. बर्फानेही कातडी भाजते आणि इथे ते कळायला उशीर होतो. शस्त्रक्रियेच्या चिरेत त्वचेच्या बारीक नसा कापल्या जातात. त्यामुळे चिरेच्या बाहेरच्या बाजूचा एक पट्टा अनेकांना बधिर लागतो. वेदना थांबवण्यासाठी नसेजवळ इंजेक्शन दिले असेल, तर सुरुवातीला संवेदना आणखी कमी असते. मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेल्यांना तर भाजल्याचा पत्ताच लागणार नाही. म्हणून ‘सहन होते तोवर ठेवू’ हा हिशेब इथे चालत नाही. घड्याळ लावायचे आणि पाच-पाच मिनिटांनी कापड उचलून घरातल्या कुणीतरी त्वचा पाहायची. पांढरा किंवा निळसर डाग, फोड अथवा चटका दिसला की बर्फ लगेच काढायचा. पायाचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी किंवा थंडीने अंगावर पित्त उठणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बर्फ लावूच नये.

दुसरी चूक उशीची. बर्फ लावताना गुडघ्याखाली उशी घेतली की बरे वाटते, कारण किंचित वाकलेला गुडघा कमी ताणला जातो. पण तासन्‌तास तसाच राहिला तर तो पुन्हा पूर्ण सरळ होत नाही आणि चाल कायमची लंगडी होऊ शकते. उशी टाचेखाली हवी. पाय उंच, गुडघा सरळ आणि वर बर्फ.

बर्फाचा खरा उपयोग इथेच आहे. सूज आणि ठणका कमी झाला की व्यायाम जमतो, आणि नवा गुडघा व्यायामानेच चालता होतो. खुर्चीतून सहज उठायला तो ९० अंशांहून थोडा जास्त वाकावा लागतो. ती मजल पहिल्या काही आठवड्यांतच मारायची असते. म्हणून व्यायाम किंवा चालणे झाल्यावर बर्फ लावणे सोयीचे. दुखतेय म्हणून नुसता बर्फ लावून पडून राहिले, तर गुडघा आखडतो आणि बोल मात्र गारव्याला लागतो.

गुडघा काही महिने थोडा सुजलेला आणि हाताला कोमट लागणे यात वावगे नाही. पण काही दुखणी बर्फाने दाबायची नसतात. दिवसेंदिवस वाढणारी लाली आणि वेदना, जखमेतून पाणी किंवा पू, थंडी वाजून ताप यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पोटरी दुखून सुजली तर ती रक्ताची गुठळी असू शकते. धाप लागली किंवा छातीत दुखले तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढ्याहून सोलापुरात शस्त्रक्रियेसाठी आलेल्यांनी घरी परतण्याआधीच डॉक्टरांचा दूरध्वनी क्रमांक आणि जवळचे रुग्णालय लिहून ठेवलेले बरे.

आणि बघायला आलेल्या पाहुण्यांना काही करायचेच असेल, तर त्यांच्याकडे घड्याळ सोपवावे. वीस मिनिटे झाली की त्यांनी पिशवी उचलायची.