मुलांची हालचाल मोजावी कशी?
‘मूल दिवसभर खेळतच असते’ हे पालकांचे उत्तर प्रामाणिक असले, तरी ते मापन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी आठवड्याच्या सरासरीने रोज किमान ६० मिनिटे मध्यम ते तीव्र हालचाल करावी. म्हणून नोंद सातही दिवसांची हवी.

पेडोमीटर पावले मोजतो; पण देवासच्या टेकडीची चढण, धारमधील सायकलफेरी किंवा २०१३ पासून मध्य प्रदेशाचा राज्यखेळ असलेला मल्लखांब यांतील श्रम त्याला कळत नाहीत. तेथे साधी कसोटी उपयोगी पडते: बोलता येते पण गाता येत नाही, ती हालचाल मध्यम. पालकांनी आकड्याशेजारी खेळ व मिनिटेही लिहावीत; अन्यथा मल्लखांबपटूच आळशी ठरेल.