जाहिरातखोर एक्स्टेन्शन : ओळख व उच्चाटन

ब्राउझरला जोडलेले एक्स्टेन्शन आरंभी निरुपद्रवी असले, तरी ते पुढेही तसेच राहील असे नाही. ‘अ‍ॅड टू फीडली’ हे याचे बोलके उदाहरण होय. मूळ कर्त्याने ते विकल्यावर नव्या मालकाने सुधारित आवृत्तीच्या मिषाने त्यात जाहिराती घुसडल्या. जानेवारी २०१४ मध्ये गूगलने ते काढून टाकले. भाषाभ्यासकाला हा धोका विशेष जाणवावा. कारण पानात घुसलेला परका मजकूर संकलित सामग्रीत नकळत मिसळतो. बदललेले शोधयंत्र व शब्दांखाली उमटणारे जाहिरातींचे दुवे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी सर्व एक्स्टेन्शन बंद करून एकेक पुन्हा चालू करावे. जे चालू होताच लक्षण प्रकटते, ते काढून टाकावे. ते पुन्हा अवतरल्यास त्याला आणणारा प्रोग्राम संगणकातून प्रथम हटवावा. मधल्या काळात जमविलेली सामग्रीही मुळाशी ताडून पाहणे अगत्याचे आहे.