कारण : गांजा

कुंभकोणमच्या मावशीच्या उशाशी तेव्हा तीन वस्तू असत. विड्याच्या पानांचा पितळी डबा, पाण्याचा तांब्या आणि दोनशे पानी वही. चौथी वस्तू चेन्नईहून नातवाने आणून ठेवली: तपकिरी काचेची, ड्रॉपर लावलेली छोटी बाटली. लेबलवर ‘विजया’ हा शब्द आणि खाली वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना. औषध किती मिलिलिटर ते छापले होते. त्यात गांजातली दोन द्रव्ये, टीएचसी किती आणि सीबीडी किती, याचा आकडा कुठेच नव्हता.

मावशी निवृत्त गणित-शिक्षिका. कर्करोग हाडांत उतरलेला, कुशीवर वळायचे म्हटले तरी दोघांनी धरावे लागे. तिने चष्मा लावून लेबल दोनदा वाचले आणि सुनेला, म्हणजे माझ्या वहिनीला, म्हणाली, “आत किती आहे ते ह्यांनी लिहिलेलं नाही. मला काय होतं ते तरी आपण लिहू.”

मी पुण्याहून गेलो होतो. आईचे माहेर कुंभकोणमचे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तंजावरला गादी स्थापली, त्यानंतर कावेरीच्या या पट्ट्यात जी मराठी घरे रुजली त्यांतले हे एक. शेजारपाजारचे लोक अजून ‘रायर’ म्हणूनच ओळखतात. बोलणे मराठी, पण लिहिणे तमिळ लिपीत, कारण शाळा तमिळ. मावशीची वहीही तशीच: अक्षर तमिळ, शब्द मराठी.

बाटलीवरून घरात वाद झाला. नातू काकांना म्हणाला, “परदेशात डॉक्टर लिहून देतात आजोबा, आणि आपल्याकडे तर हे शंकराच्या काळापासून चालत आलंय.” काकांनी त्यांच्या अग्रहारातल्या एका मुलाची गोष्ट काढली. हुशार मुलगा, कॉलेजात गांजा ओढायला लागला आणि विसाव्या वर्षी भिंतीशी बोलायला लागला. “त्याच्या आईला विचार औषध आहे का ते,” काका म्हणाले. दोघेही खरेच बोलत होते, म्हणूनच वाद मिटेना. या विषयावर गेली काही वर्षे जे काही वाचतो आहे ते सारे या दोन वाक्यांच्या मधल्या जागेतले आहे.

आधी नावे नीट लावून घेऊ. झाड एकच. त्याची पाने म्हणजे भांग, मादी झाडाचे राळेने चिकट झालेले शेंडे म्हणजे गांजा, आणि नुसती खरवडून काढलेली राळ म्हणजे चरस. आयुर्वेदात हीच विजया. जातीफलादि चूर्णात आणि त्रैलोक्यविजया वटीत ती आहे. शार्ङ्गधर संहितेत भांगेचे उदाहरण अफूच्या शेजारी दिलेले आहे: पचण्याआधीच सगळ्या अंगभर पसरणाऱ्या द्रव्याचे. निरीक्षण सूक्ष्म आहे. पण त्याच वैद्यकाने तिला विषवर्गात घालून शोधनाची अट घातली, हे तिची थोरवी गाणारे सहसा सांगत नाहीत. भांग फडक्यात बांधून पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायची, हिरवे पाणी यायचे थांबेपर्यंत, वाळवायची, मग गाईच्या तुपात मंद आचेवर परतायची. एवढे झाल्यावर ती गुंजांच्या मापाने औषधात पडायची. तमिळ सिद्ध वैद्यकात तिचे एक नाव शिवमूली.

कुंभेश्वराच्या देवळाजवळ एका नाट्टु मरुंदु कडैत, म्हणजे आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानात, मी ते नाव उच्चारून पाहिले. पोत्यांतून सुंठ, पिंपळी, वेखंड, ज्येष्ठमध यांचा एकत्र वास येत होता. तागडीत माझी सुंठ होती. म्हाताऱ्या दुकानदाराचा हात क्षणभर थांबला, त्याने मान हलवली आणि सुंठ पुडीत बांधून दिली. त्याचे बरोबर होते. इथून नागपट्टणमचा किनारा जवळ. आंध्रच्या डोंगराळ भागातून निघालेला गांजा याच पट्ट्यातून श्रीलंकेकडे जातो, आणि तो पकडल्याची बातमी इथल्या पेपरात नेहमीची. २०२१च्या डिसेंबरपासून तमिळनाडू पोलिसांनी ‘गांजा वेट्टै’ म्हणजे गांजाची शिकार नावाच्या मोहिमा काढल्या. अशा हवेत शिवमूलीबद्दल कोण बोलणार?

हा वाद आजचा नाही. २ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात डब्ल्यू. एस. केन या सभासदाने हिंदुस्थानातल्या गांजाचा प्रश्न काढला आणि त्यातून इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमले गेले. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. सात सभासदांपैकी तीन हिंदी. कमिशनने देशभर हिंडून १,१९३ साक्षी घेतल्या, त्यांत मद्रास इलाख्यातल्याही होत्या आणि आपल्या मुंबई इलाख्यातल्याही. नगर-साताऱ्याकडे तेव्हा गांजाची रीतसर लागवड होती. अहवालाचे सात खंड १८९४ साली झाले. निष्कर्ष असा की माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो. बंदी नको, कर आणि नियंत्रण हवे. दोन हिंदी सभासदांनी भिन्नमत नोंदवले होते, तेही त्यातच छापले आहे.

मला त्या अहवालातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो वेड्यांच्या इस्पितळांचा. वेडाचे कारण गांजा, असे तेव्हा सरकारी आकडेच सांगत. १८९२ साली इस्पितळांत दाखल झालेल्या १,३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावापुढे ‘कारण’ या रकान्यात गांजा-भांग लिहिलेले होते. कमिशनने एकेका रुग्णाचा माग काढला, गावी चौकशी केली, नातेवाइकांना विचारले. २२२ मधले ९८ उरले. आणि निव्वळ गांजाच कारण म्हणता येईल असे ६१. बाकीचे काय होते? रकाना कोरा ठेवायचा नाही म्हणून पोलिसाने किंवा कारकुनाने भरलेला शब्द. रस्त्यावर सापडलेला माणूस, जवळ चिलीम, लिहा गांजा. कुणाला अपस्मार होता, कुणाच्या घराण्यात वेड होते, कुणी दारू पीत होता. ते विचारलेच गेले नव्हते.

पण ते ६१ उरले, हेही तितकेच खरे. गांजाचे समर्थक कमिशनचा दाखला देतात तेव्हा हे ६१ जण गाळतात. आणि १८९४चा निष्कर्ष आजच्या मालाला जसाच्या तसा लावणेही चुकीचे. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजातले टीएचसीचे सरासरी प्रमाण १९९५ साली सुमारे ४ टक्के होते, २०१४ साली सुमारे १२ टक्के.

काकांच्या अग्रहारातल्या मुलाविषयी आज विज्ञान बरेच सांगू शकते. स्वीडनमध्ये सक्तीच्या लष्करभरतीत तपासलेल्या ४५,००० हून अधिक तरुणांचा पंधरा वर्षे माग घेतला गेला. १९८७ साली निष्कर्ष आला: पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट. २०१९ साली युरोप आणि ब्राझीलमधल्या अकरा ठिकाणच्या रुग्णांच्या अभ्यासात रोज घेणाऱ्यांत मनोविकाराचा धोका तिपटीहून जास्त दिसला, आणि रोज तीव्र माल घेणाऱ्यांत जवळजवळ पाचपट. घेणाऱ्या बहुतेकांना हा आजार होत नाही. पण कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही. घराण्यात मनोविकार असेल आणि वय सतरा-अठरा असेल तर मी त्या घरच्यांच्या हातापाया पडून सांगेन की याच्या वाटेला जाऊ देऊ नका. व्यसनाचेही तसेच: मोठेपणी सुरुवात केलेल्यांत साधारण अकरात एक जण अडकतो, किशोरवयात केलेल्यांत सहात एक. एम्सच्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत ३.१ कोटी भारतीयांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतल्याचे आढळले, आणि ७२ लाखांना मदतीची गरज होती.

नातवाच्या बाजूलाही तितकाच सज्जड पुरावा आहे, फक्त त्याला वाटतो त्याहून बराच अरुंद. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातल्या विल्यम ओशॉनेसीने १८३९ साली गांजावरचे आपले प्रयोग मांडले. त्यात चाळीस दिवसांच्या एका मुलीचे झटके गांजाच्या अर्काच्या थेंबांनी कसे आटोक्यात आले याची नोंद आहे. त्यानंतर सव्वाशे वर्षे कुणाला नेमके द्रव्य हाती लागले नाही. १९६४ साली इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी टीएचसी वेगळे काढले. १९९२ साली मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत डुकराच्या मेंदूत मुळातच तयार होणारा तसा रेणू सापडला. त्याचे नाव ठेवले आनंदामाइड, आपल्या ‘आनंद’ या शब्दावरून.

ओशॉनेसीच्या त्या मुलीचे उत्तर २०१७ साली मिळाले, असे म्हणता येईल. ड्राव्हे सिंड्रोम या अपस्माराच्या अवघड प्रकाराच्या १२० मुलांवर शुद्ध सीबीडीची चाचणी झाली. औषध मिळालेल्यांत महिन्याचे झटके १२.४ वरून ५.९ वर आले. नुसते सिरप मिळालेल्यांत १४.९ वरून १४.१. पुढच्या वर्षी अमेरिकेने हे औषध मंजूर केले. त्याने यकृतावर ताण येतो, विशेषतः मूल अपस्मारावरचे व्हॅल्प्रोएट घेत असेल तर. आणि आपल्याकडची कितीतरी अपस्माराची मुले व्हॅल्प्रोएटवर आहेत. दुकानातली बाटली आणणाऱ्या आईला हे कोण सांगणार? केमोथेरपीची मळमळ आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा, इथेही पुरावा आहे. दुखण्यावर मात्र तज्ज्ञांतच दुमत. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजनी २०१७ साली जुनाट वेदनेवर उपयोग दिसतो म्हटले. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२१ साली, शिफारस करण्याइतका पुरावा नाही, म्हटले. कर्करोग बरा होतो असा पुरावा माणसांत कुठेच नाही. नातवाने मला फोनवर दाखवलेल्या व्हिडिओत नेमके तेच सांगितले होते.

कुंभकोणमहून चाळीसेक किलोमीटरवर तंजावर. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात गेलो की मी सरफोजीराजांच्या नेत्ररुग्णांच्या कागदांपाशी रेंगाळतो. दुसरे सरफोजी १७९८ साली गादीवर आले. राज्यकारभार इंग्रजांनी काढून घेतला आणि राजाने उरलेले आयुष्य ग्रंथ, छापखाना आणि धन्वंतरी महालातल्या औषधांना दिले. त्या कागदांत रुग्ण कोण, तक्रार काय, उपचार कोणते, हे लिहिलेले आहे आणि शेजारी त्या माणसाचा डोळा रंगवलेला आहे. बुबुळावरची पांढरट साय, लाल झालेली कड. कोणत्याही दोन चित्रांतले डोळे सारखे नाहीत. त्यानंतर साठेक वर्षांनी वेड्यांच्या इस्पितळात एका शब्दात माणूस निकालात निघत होता, आणि त्याच्या कितीतरी आधी इथला एक मराठी राजा एकेका डोळ्याचे चित्र काढून घेत होता. गांजाच्या बाबतीत आपण कारकुनाची वाट धरली, सरफोजीराजांची नाही. गेल्या शतकभरात आपल्या वैद्यांनी, हकिमांनी, सिद्ध वैद्यांनी विजया किती जणांना दिली असेल. कुणाला, किती, काय झाले, हे लिहिलेले कागद कुठे आहेत?

अडचण कायद्याची, असे म्हणतात. ती अर्धीच खरी आहे. १९८५च्या अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याने गांजा आणि चरस बंद केले, पण शेंड्यांशिवायची पाने आणि बिया गांजाच्या व्याख्येतून वगळल्या. म्हणूनच विजयेची बाटली विकता येते. औषधासाठी, संशोधनासाठी परवान्याने लागवडीची वाट त्याच कायद्यात आहे. जम्मूच्या सीएसआयआर संस्थेत तशी लागवड आणि संशोधन चालू आहे. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत घातक द्रव्यांच्या यादीतून काढले, २७ विरुद्ध २५ मतांनी. त्या सत्तावीसांत भारत होता. मत दिले, पण रुग्णालयापर्यंत वाट काही आखली नाही.

त्याच कायद्याखालच्या अफूची गोष्ट पाहा. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात परवान्याने पीक, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने, आणि तिथून मॉर्फिन. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिनचा उपयोग निर्विवाद आहे, ते स्वस्त आहे, आणि तरीही ते कितीतरी जिल्ह्यांच्या गावांत सहज मिळत नाही. २०१४ साली कायदा बदलून परवान्यांचे जंजाळ कमी केले, तरी भीती गेली नाही. मावशीला जिथे आधी नेले त्या रुग्णालयात मॉर्फिन ठेवतच नव्हते. “सवय लागेल,” असे तिथल्या तरुण डॉक्टरांनी वहिनीला सांगितले. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, हाडांत कर्करोग, आणि सवय लागेल! मावशीच्या उशाशी ती तपकिरी बाटली आली ती या नकारामुळे. गांजाच्या तेलाकडे धावणाऱ्या कितीतरी घरांची हीच कथा आहे, आणि मला याचा राग येतो.

आता वही. वहिनीने रेघा मारून रकाने पाडले: वेळ, थेंब, दुखणे शून्य ते दहा, झोप, इतर. पहिले चार दिवस थेंब पाच, दुखणे आठ, आठ, नऊ, आठ. पाचव्या रात्री थेंब दहा, झोप अडीच तास, ‘इतर’ या रकान्यात: उठताना गरगरले, भिंत धरली. सातव्या दिवशी दुखणे सात, दुपारी चार घास जास्त खाल्ले. नवव्या दिवशी पुन्हा आठ. नातवाने वही स्वतः वाचली आणि बाटली कपाटात ठेवली. त्याला कुणी काही बोलले नाही.

मग तंजावरच्या एका वेदनाशामक उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी आधी वही मागितली. बसून सगळी पाने उलटली, तमिळ लिपीतले मराठी शब्द अडखळत वाचले, दोन जागी अर्थ विचारला. मॉर्फिनच्या गोळ्या, दर चार तासांनी, रात्रीचा डोस वेगळा, आणि पोट साफ राहायचे औषध आठवणीने. रकाने तेच ठेवायला सांगितले, फक्त ‘थेंब’च्या जागी ‘गोळी’.

तिसऱ्या दिवसाचे पान माझ्याकडे आहे. मावशी गेल्यावर वहिनीने फाडून दिले. दुखणे तीन. झोप, रात्री साडेनऊ ते पहाटे चार. ‘इतर’ या रकान्यात त्या दिवशीचे अक्षर वहिनीचे नाही. थरथरत्या हाताने मावशीने स्वतः एकच शब्द लिहिला आहे: वळले.