विजेवरचे छोटे विमान : शक्ती वाढवण्यापूर्वी

राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत प्रतिकृती विमाने बांधणे व उडवणे हा प्रशिक्षणाचाच भाग आहे. वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालय शेजारच्या नागपुरात असल्याने आपल्या मुलांना या छंदाची ओढ वाटावी, हे स्वाभाविकच. पूर्वी अशी विमाने प्रामुख्याने इंधनाच्या लहान इंजिनांवर उडत. आता विजेच्या मोटरी व लिथियम-पॉलिमर बॅटऱ्यांमुळे हा छंद शाळांच्या आवाक्यात आला आहे. विमान एकदा उडू लागले, की विद्यार्थ्याची पुढची मागणी ठरलेली असते : त्याला आणखी जोर हवा. या टप्प्यावर अपुऱ्या समजुतीने केलेला बदल मोटर जाळू शकतो, प्रसंगी आगही लावू शकतो.

बॅटरी, वेगनियंत्रक, मोटर व पंखा ही एक साखळी आहे. लिथियम-पॉलिमरच्या एका घटाचा सरासरी दाब 3.7 व्होल्ट असतो. दोन घटांची बॅटरी 7.4 व्होल्टची, तर तीन घटांची 11.1 व्होल्टची. मोटरीवरील 'केव्ही' हा आकडा, भार नसताना एका व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे होतात, ते सांगतो. दोन घटांऐवजी तीन घट जोडले, की दाब दीडपट होतो. परंतु पंखा ओढत असलेली शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे फेरे दीडपट झाले, तर शक्ती सुमारे सव्वातीनपट व विद्युतप्रवाह सुमारे सव्वादोनपट होतो. पूर्वी 10 अँपिअर वाहत असतील, तर आता हिशेबाने 22 वाहतील. 20 अँपिअरचा वेगनियंत्रक तिथे टिकणार नाही.

उपाय पंख्यात आहे. शक्ती पंख्याच्या व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. 9 इंची पंख्याऐवजी तितक्याच पिचचा 8 इंची पंखा लावला, तर प्रवाह सुमारे 14 अँपिअरवर येतो. शक्ती 155 वॅटच्या आसपास राहते. शिकाऊ विमानाला वजनाच्या दर किलोमागे 150 ते 200 वॅट पुरतात. 700 ग्रॅमच्या विमानाला एवढी शक्ती भरपूर झाली.

मोठ्या बॅटरीने वजनही वाढते. तिची जागा बदलून गुरुत्वमध्य पूर्वीच्याच ठिकाणी, साधारणतः पंखाच्या रुंदीच्या पुढून पाव ते एक तृतीयांश अंतरावर, आणावा लागतो; तो मागे सरकल्यास विमान आवरत नाही.

वर्ध्याचा उन्हाळा पारा 45 अंशांपुढे नेतो. अशा वेळी पत्र्याच्या खोलीत वा उभ्या मोटारीत बॅटरी ठेवू नये. उड्डाणानंतर ती थंड होऊ द्यावी आणि मगच संतुलित चार्जरने चार्ज करावी. 2200 मिलीअँपिअर-तासाच्या बॅटरीला 2.2 अँपिअरचा प्रवाह योग्य. साठवताना प्रत्येक घट सुमारे 3.8 व्होल्टवर ठेवावा. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये. वसतिगृहाच्या झोपण्याच्या खोलीत किंवा रात्री लक्ष नसताना चार्जिंग कदापि करू नये. मोकळ्या फरशीवर, मोठ्यांच्या देखरेखीखालीच करावे.

उडवण्याची जागाही विचारपूर्वक निवडावी. ड्रोन नियम, 2021 प्रतिकृती विमानांचीही दखल घेतात; विमान नजरेच्या टप्प्यातच ठेवावे व आकाशक्षेत्राचा सरकारी नकाशा आधी पाहावा. पुलगावच्या दारूगोळा भांडाराचा परिसर तर पूर्णपणे वर्ज्य समजावा.

कारणावाचून कार्य नाही, ही तथागतांची शिकवण आपल्या विद्यार्थ्यांच्या कानावर रोज पडते. मोटरीच्या या साखळीत ती हाताने तपासून पाहता येते : एक कडी बदलली, की उरलेल्या सर्व कड्यांवरचा भार बदलतो. म्हणून कोणताही बदल केल्यावर विमान जमिनीवर घट्ट धरून, पंख्याच्या समोर व बाजूला कुणालाही उभे न करता, वॅटमीटरने प्रवाह मोजावा आणि मगच ते आकाशात सोडावे. शाळेला अधिक शक्तिशाली मोटर भेट देऊ इच्छिणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी तिच्यासोबत एक वॅटमीटरही अवश्य द्यावा. मोटर विमानाला वेग देईल. मोजण्याची सवय मात्र मुलांजवळ जन्मभर राहील.