हौसेचा कासरा

मकरसंक्रांत उलटली, की आमच्या राळेगावाकडच्या शिवारांत कामाचा जोर थोडासा ओसरतो. कापसाच्या पहिल्या वेचण्या झालेल्या असतात, तुरीच्या शेंगा वाळू लागलेल्या असतात, आणि सकाळच्या थंडीत माणसे शेकोटीभोवती जरा अधिक रेंगाळतात. अशा एखाद्या सकाळी वार्ता येते, ‘अमक्या गावी पट भरणार!’ ती ऐकताच गोठ्यागोठ्यांतून हालचाल सुरू होते. बैलांना न्हाऊ घातले जाते, शिंगे घासली जातात, आणि वर्षभर कोपऱ्यात पडलेल्या छकड्याच्या चाकांना वंगण मिळते.

पट म्हणजे शंकरपट. विदर्भात बैलजोड्यांच्या शर्यतीला हे नाव आहे. हलक्या, दोन चाकांच्या छकड्याला जोडी जुंपतात. हाती कासरा धरून धुरकरी छकड्यावर बसतो. निशाण पडताच जोडी उधळते आणि आखलेल्या पट्टीच्या टोकाला पोहोचते. तिला किती सेकंद लागले, हे घड्याळ लावून मोजतात. सेकंदाच्या लहानशा भागाने एक जोडी जिंकते, दुसरी हरते.

लहानपणी माझे सारे लक्ष त्या धावणाऱ्या बैलांवर खिळलेले असे. पुढे मुख्याध्यापक झालो, शाळेचे स्नेहसंमेलन दरवर्षी भरवण्याची जबाबदारी शिरावर आली, आणि पट पाहताना मला निराळाच प्रश्न पडू लागला. हजारो माणसांचा हा मेळा चालवतो कोण? येथे पगारी नोकर नाहीत. ज्याला वाटेल तो येतो, वाटेल तेव्हा जातो. तरी जागा आखलेली असते, पाण्याची सोय असते, जोड्यांचे क्रम ठरलेले असतात आणि निकालही लागतो. हे घडते कसे?

मुलांनो, याचे उत्तर ‘मंडळ’ या तीन अक्षरांएवढ्या साध्या शब्दात आहे, असे तुम्हांला वाटेल. परंतु मंडळ म्हणजे काय आणि ते चालते कशाच्या बळावर, हे समजून घेण्याजोगे आहे.

हौस ही मुळात एकट्याची असते. कोणाला बैलांची हौस, कोणाला सायकलीची, कोणाला जुन्या मोटारींची. परंतु एकट्याची हौस लवकरच अपुरी वाटू लागते. आपली जोडी वेगवान आहे, हे दुसऱ्याच्या जोडीशी ताडून पाहिल्यावाचून कळत नाही. छकड्याचे चाक कोणता सुतार चांगले करतो, हे चार जाणत्यांत बसल्यावाचून उमगत नाही. म्हणून सारखी हौस असलेली माणसे एकत्र येतात. एकत्र आली की खर्च येतो, आणि खर्चामागोमाग मतभेदही येतात. ते मिटवण्यासाठी नियम करावे लागतात, आणि नियम करून त्यांनुसार चालण्याचे ठरवले, की जमावाचे मंडळ होते.

आपल्या देशात १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाप्रमाणे सात किंवा अधिक माणसे मिळून संस्था नोंदवू शकतात. नोंदणीच्या वेळी संस्थेचे उद्देश व नियमावली लिहून द्यावी लागते. ही नियमावली म्हणजे त्या संस्थेची लहानशी राज्यघटनाच होय. सभासद कोणाला होता येईल, वर्गणी किती, सभा केव्हा भरवावी, तीत किमान किती सभासद हजर असावेत, हे सारे तीत आलेले असते. सर्व सभासदांची मिळून सर्वसाधारण सभा होते. संस्थेतील श्रेष्ठ सत्ता तिचीच. ती आपल्यातून काही जणांची कार्यकारिणी निवडते. अध्यक्ष सभा चालवतो, चिटणीस पत्रव्यवहार पाहतो व इतिवृत्त लिहितो, खजिनदार पैशाचा हिशेब ठेवतो. वर्षअखेर हा हिशेब तपासून घेऊन सर्वांपुढे मांडावा लागतो.

मेळावा जवळ आला, की कार्यकारिणी कामे वाटून देते. एकाने जागा पाहावयाची, दुसऱ्याने परवानग्या मिळवावयाच्या, तिसऱ्याने पाणी व दवाखान्याची सोय करावयाची, चौथ्याने नोंदी घ्यावयाच्या. ज्याचे काम त्याने पुरे केले नाही, तर दोष कोणाकडे जातो, हे आधीच स्पष्ट असते. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर हे गाव आमच्याकडून फार दूर नाही. तेथील कृषक सुधार मंडळाचा शंकरपट साऱ्या विदर्भात प्रसिद्ध आहे. तेथे स्त्रियांनीही छकडे हाकण्याची प्रथा पडली आहे. अशी नवी प्रथा आपोआप पडत नसते. कोणीतरी ती सुचवावी लागते, आणि बाकीच्यांनी ती मान्य करावी लागते.

आता खरा प्रश्न असा, की मंडळाच्या हाती ना दंडुका असतो, ना तुरुंग. मग त्याचे नियम लोक पाळतात तरी का?

याचे पहिले कारण हे, की ते नियम आपणच केलेले असतात. दुसरे कारण, हिशेब उघडा असतो. ज्या मंडळात वर्गणीच्या पैशाचे काय झाले हे विचारता येते, तेथे माणूस पुढच्या वर्षी आनंदाने वर्गणी देतो. तिसरे कारण सर्वांत मोठे. तेथे नियम लहानथोरांना सारखाच लागू असतो. समजा, निशाण पडण्यापूर्वीच अध्यक्षांची जोडी सुटली. पंचांनी ती बाद केली आणि अध्यक्षांनी मान खाली घालून निर्णय मानला, तर त्या दिवशी मंडळाची मुळे हातभर खोल गेली असे समजावे. उलट, अध्यक्षांसाठी शर्यत पुन्हा घेतली, तर नियमावलीचा कागद तसाच राहील, पण त्यातला प्राण गेलेला असेल. म्हणूनच ज्याची स्वतःची जोडी धावणार आहे, त्याने पंच होऊ नये, असा शहाण्या मंडळांचा दंडक असतो.

गाडीची अशी हौस काही एकट्या विदर्भाची नव्हे. इंग्लंडातील एक गोष्ट पाहा. नौदलात डॉक्टर राहिलेले आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ साली केवळ आनंदासाठी एक घरगाडी बांधवून घेतली. तीत निजण्याची, लिहिण्यावाचण्याची व स्वयंपाकाची सोय होती. तिला दोन घोडे जुंपत. तिचे नाव त्यांनी ‘वाँडरर’, म्हणजे भटकी, असे ठेवले होते. या गाडीतून ते दक्षिण इंग्लंडपासून थेट स्कॉटलंडमधील इन्व्हरनेसपर्यंत गेले. गाडी अवजड, आणि रस्ते अरुंद. म्हणून त्यांचा सेवक तीनचाकी सायकलीवरून पुढे जाई व समोरून येणाऱ्यांना सूचना देई. आपल्या हौसेचा दुसऱ्याला उपद्रव होऊ नये, ही जाण त्या पहिल्या प्रवासातच होती.

पुढे १९०७ साली अशा घरगाड्यांच्या हौशी लोकांनी ‘कॅरॅव्हॅन क्लब’ स्थापन केला. स्टेबल्स त्याचे उपाध्यक्ष झाले. यथावकाश घोडे गेले व मोटारी आल्या. आता तर मोटारीच्या व्हॅनमध्येच बिछाना व चूल बसवून लोक हिंडतात. परंतु मेळाव्याची रीत तीच राहिली. अशा मेळाव्यावर देखरेख ठेवण्याचे काम सभासदांपैकीच एखादा आपल्या खुशीने पत्करतो. गाड्या एकमेकींपासून सुमारे सहा मीटर अंतरावर उभ्या कराव्यात, हा तिकडचा रूढ नियम आहे. कारण एकीला आग लागली, तर ती दुसरीला लागू नये. रात्री गोंगाट करावयाचा नाही, कुत्रा मोकळा सोडावयाचा नाही, आणि सांडपाणी व केरकचरा शेतात टाकावयाचा नाही, असे शिस्तीचे नियमही तेथे असतात.

या शिस्तीचे फळ त्यांना कसे मिळाले पाहा. ब्रिटनमध्ये १९६० साली घरगाड्यांच्या तळांविषयी कायदा झाला. त्याप्रमाणे असा तळ चालवण्यास सरकारी परवाना लागू लागला. परंतु जी मंडळे जबाबदारीने वागतात, त्यांना सवलतीचे प्रमाणपत्र मिळण्याची तरतूद त्याच कायद्यात ठेवली गेली. असे प्रमाणपत्र असलेल्या मंडळाला आपल्या सभासदांचा पाच दिवसांपर्यंतचा मेळावा तळाच्या परवान्यावाचून भरवता येतो. कायद्याने जणू म्हटले, ‘तुम्ही स्वतःला आवर घालता, तेव्हा आम्ही थोडे दूर राहतो.’

आपल्याकडे नेमके याच्या उलट घडले, आणि ते सांगताना माझ्या मनाला क्लेश होतात. त्याच १९६० साली भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला होता. तरीही शर्यतींच्या अनेक ठिकाणी, जिंकण्याच्या ईर्षेने, बैलांना आर टोचणे, चाबकाने झोडपणे, शेपट्या पिरगाळणे असे प्रकार चालत. सगळेच धुरकरी असे करीत नसत. पुष्कळांना आपले बैल पोटच्या पोरांसारखे प्रिय होते. परंतु जे पाहत होते, त्यांतील बहुतेक गप्प राहिले. २०११ साली केंद्र सरकारने बैलांचा समावेश खेळासाठी वापरण्यास बंदी असलेल्या प्राण्यांत केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टू व महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती थांबवल्या. पट ओस पडले. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, पण उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मनाई केली. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून शर्यतींना अनुमती दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची ती दुरुस्ती वैध ठरवली.

आज पट भरवावयाचा, तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. पशुवैद्याकडून बैलांची तपासणी करून घ्यावी लागते. धावेचे अंतर एक हजार मीटरपेक्षा अधिक असून चालत नाही. बैलांना इजा होईल असे कोणतेही साधन वापरता येत नाही. नियम मोडणाऱ्याला पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

या अटी नीट वाचा. त्यांतील पुष्कळशा अटी कोणत्याही मंडळाला आपल्या एका सभेत, एका ठरावाने स्वतःवर घालून घेता आल्या असत्या. आर वापरणाऱ्याची जोडी बाद, एवढा एक नियम सर्वांनी निष्ठेने पाळला असता, तर बैलांच्या वेदना टळल्या असत्या. कदाचित पटही थांबला नसता. आपण हे का केले नाही?

मला वाटते, त्याचे कारण असे आहे. सभासदांच्या सोयीचे नियम सभासद सहज करतात. वर्गणी किती, बक्षीस कोणते, पहिला मान कोणाचा, यांवर सभेत तासन् तास चर्चा होते, कारण ज्यांचा त्यात लाभ वा तोटा असतो, ते सारे तेथे बसलेले असतात. पण बैल सभेला येत नाही. त्याला मत नाही, त्याला तक्रार लिहिता येत नाही. ज्या शेतकऱ्याच्या बांधावरून गर्दी तुडवत जाते, तोही सभासद असतोच असे नाही. रात्रीच्या गोंगाटाने ज्याची झोप मोडते, तो शेजारीही सभेत नसतो. जो सभेत नाही, त्याच्या वतीने कोण बोलतो, यावरून मंडळाची खरी परीक्षा होते. सहा मीटरचे अंतर आणि सायकलीवरून पुढे जाणारा तो सेवक, यांचे मोल येथे कळते.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हीही आज ना उद्या एखादे मंडळ काढाल. गणेशोत्सवाचे असेल, क्रिकेटचे असेल, सायकलींचे असेल, किंवा पुढे मोठे झाल्यावर मोटारीचेही असेल. तेव्हा नियम लिहून काढा, इतिवृत्त ठेवा, पैशाचा हिशेब भिंतीवर लावा. आणि प्रत्येक सभा संपण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारा, ‘येथे हजर नाही, असा कोणी आपल्या हौसेपायी दुखावला तर जात नाही ना?’

छकड्यावर बसलेला चांगला धुरकरी मी पुष्कळदा पाहिला आहे. त्याच्या हाती केवळ कासरा असतो. तो बैलांना आवरतो, पण त्याआधी स्वतःचा हात आवरतो. हौसेलाही असाच कासरा लागतो. तो आपण आपल्या हाती धरला, तर गाडी धावतेही आणि नीट परतही येते. आपण तो सोडून दिला, तर केव्हातरी दुसऱ्या कोणाला तरी पुढे होऊन तो धरावा लागतो.