बासी ईदला केळवे-तारापूरला जाताय? आधी चंद्राची तारीख बघा

ईद जवळ आली की आमच्या बोईसरच्या घरी फोन सुरू होतात. मुंब्र्याची खाला, मीरा रोडचे मामू, भिवंडीचे साडू, सगळ्यांचा एकच सवाल : "बासी ईदला येतोय, समुद्रावर नेणार ना?" आम्ही दोघेही शिक्षक. शाळेतली मुलंही सुट्टी लागायच्या आधी हेच विचारतात. पालघर जिल्ह्याचा किनारा एका दिवसात जाऊन यायला सोयीचा आहे, खर्च बेताचा आहे, आणि घरच्या बायकांना, म्हाताऱ्यांना, लेकरांना घेऊन मोकळं बसता येईल अशी जागा मुंबईत आता उरलीय कुठे? तेव्हा या, जरूर या. पण येण्याआधी एक गोष्ट समजून घ्या, कारण ती आम्हाला उशिरा समजली.

काही वर्षांपूर्वी बासी ईदलाच आम्ही नऊ मुलं आणि चार मोठी माणसं घेऊन केळव्याला गेलो होतो. केळव्याच्या किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, खाडीच्या तोंडाशी, पाण्यात एक छोटा किल्ला आहे. त्याला पाणकोट म्हणतात. लांबून जहाजासारखा दिसतो. ओहोटीला तिथे चालत जाता येतं. सकाळी साडेनऊला आम्ही गेलो तेव्हा पाणी घोट्याएवढंही नव्हतं. मुलं बुरुजावर चढली, फोटो झाले, कोणीतरी समोसे काढले. अकराच्या सुमारास किनाऱ्यावरून एक कोळी बाबा हात हलवून ओरडायला लागले. आम्हाला वाटलं, मुलं दगडावर चढली म्हणून रागावलेत. वळून बघितलं तर ज्या वाळूवरून आलो ती वाळूच नव्हती. परतताना मोठ्यांच्या कमरेला पाणी लागलं. लहानांना खांद्यावर घेतलं. खालाचा बुरखा भिजून इतका जड झाला की तिला दोघांनी धरून आणावं लागलं. अल्लाहचा करम, सगळे सुखरूप आलो. ते बाबा आधी चार शिव्या देऊन मोकळे झाले, मग म्हणाले, "आज तिथ काय आहे ते बघून यायचं ना. उधाणाचे दिवस आहेत."

तिथ म्हणजे तिथी. घरी आल्यावर आम्ही कॅलेंडर घेऊन बसलो आणि डोक्यात प्रकाश पडला. भरती-ओहोटी चंद्रावर चालते, आणि आपली ईदही चंद्रावरच. म्हणजे आपण ज्या दिवशी समुद्रावर जातो त्या दिवशी पाणी कसं असेल ते जवळजवळ ठरलेलंच असतं! विज्ञानाच्या पुस्तकात भरती-ओहोटीचा धडा आम्ही इतकी वर्षं शिकवला, पण ईदशी त्याची सांगड कधी घातली नव्हती.

चंद्राच्या आणि थोडीफार सूर्याच्या ओढीने समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. एका भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सहा तास. चंद्र रोज उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते, तेव्हा पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खाली जातं. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांची ओढ काटकोनात असते, चढउतार कमी. त्याला कोळी लोक भांग म्हणतात.

आता किनाऱ्यावरचा जुना हिशेब सांगतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास, ओहोटी दुपारी बाराला. आपल्या घरात तिथी कोणाला माहीत नसते, पण चंद्राची तारीख प्रत्येक उर्दू कॅलेंडरवर असते. आपला महिना चंद्र दिसल्यावर सुरू होतो, त्यामुळे आपली तारीख तिथीपेक्षा साधारण एकाने मागे असते. म्हणून चंद्राच्या तारखेत एक मिळवा, मग पाऊणपट करा. बेरीज पंधराच्या वर गेली तर आधी पंधरा वजा करा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, कधी जास्तही, म्हणून हा अंदाजच समजायचा. नक्की वेळ भरतीच्या तक्त्यात किंवा मोबाईलवर बघायची, आणि किनाऱ्यावर पोचल्यावर कोळ्यांना विचारायचं.

हा हिशेब ईदला लावून बघा. ईदुल फित्र १ शव्वालला. एक अधिक एक दोन, दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे ईदच्या दिवशी दुपारी दीडच्या सुमारास पूर्ण भरती, बासी ईदला सव्वादोनला, तिसऱ्या दिवशी तीनला. आणि अमावास्या नुकतीच होऊन गेलेली असते, म्हणजे उधाण. आपली मंडळी नेमकी शीरखुर्मा, बिर्याणी उरकून दुपारी किनाऱ्यावर पोचतात! पाणी अगदी सुरूच्या झाडांजवळ आलेलं असतं, बसायला वाळू कमी, गर्दी जास्त, आणि तीन-साडेतीननंतर ते पाणी ओढ घेत मागे फिरतं. या दिवसांत समुद्रावर यायचं असेल तर दुपारी बारा ते चार पाण्यात उतरू नका. वाळूत खेळायला संध्याकाळी पाचनंतरची वेळ छान, पाणी दूर गेलेलं असतं.

बकरी ईदचं उलट आहे. १० जिल्हज, म्हणजे अकराची पाऊणपट, सव्वाआठ. भरती सकाळी आणि रात्री सव्वाआठला, ओहोटी दुपारी अडीचच्या आसपास. कुर्बानी, वाटप उरकून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लोक येतात तेव्हा दुपारी समुद्र लांब गेलेला दिसतो. मुलं त्याच्यामागे आत आत जातात. मग पाणी चढायला लागतं. आमची चूक पाणकोटावर अशीच झाली होती, फक्त वेळ सकाळची होती : ओहोटी आठला होऊन गेली होती आणि आम्ही साडेनऊला आत शिरलो. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात कळतही नाही. तिसऱ्या-चौथ्या तासात सगळ्यात जोरात येतं. आम्ही बरोबर तिसऱ्या तासात समोसे खात होतो.

शिवाय सध्या बकरी ईद पावसाळ्याच्या तोंडावर येते. जून ते ऑगस्ट इथे पाण्यात उतरूच नये. प्रशासन मनाई करतं तेव्हा आपले काही तरुण त्यातही मर्दुमकी शोधतात. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावरून अशी मय्यत घरी येते. आम्ही आई-वडिलांना एवढंच म्हणतो : मोबाईल खिशात ठेवा, एका मोठ्याने फक्त मुलंच मोजायची, दुसरं काही करायचं नाही. बायकांनी लांब कपड्यात गुडघ्याच्या पुढे जाऊ नये. कापड पाणी पितं. कोणी ओढला गेला तर मागोमाग उडी मारू नका, दोरी, रिकामा कॅन, गाठी मारलेल्या ओढण्या फेका, आरडाओरडा करा, ११२ लावा. स्वतः ओढले गेलात तर किनाऱ्याकडे सरळ झुंजण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहा.

आता फिरण्याचं. एका दिवसात केळवे आणि तारापूर दोन्ही करायचा हट्ट नको, दिवस रिक्षातच जातो. मुंबईकडून येणाऱ्यांना लोकल सोयीची. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते. विरारच्या पुढे गाड्या कमी, एक चुकली की बराच वेळ बसून राहावं लागतं. मुंब्र्याच्या लोकांना दिव्याहून वसईमार्गे मेमू आहेत, पण मोजक्याच. भिवंडीकरांना अहमदाबाद हायवेने मनोरमार्गे गाडी बरी.

केळव्यासाठी केळवे रोडला उतरून शेअर रिक्षा. किनाऱ्याला सुरूची गर्द बाग आहे, म्हाताऱ्यांना सावलीत चादर टाकून बसवता येतं. सुरूच्या बनातच वाळूत रुतलेला आणखी एक छोटा किल्ला आहे, तो मुलांना हमखास आवडतो आणि तिथे पाण्याचं भय नाही. गावात पानवेलीच्या वाड्या आहेत, इथलं पान लांबवर जातं. शेजारचं माहीम हे केळवे-माहीम, मुंबईचं नव्हे. आमचे एक पाहुणे इथल्या रिक्षावाल्याला मखदूम अली माहिमींची दर्गा विचारत बसले होते! पुढे शिरगावचा किल्ला. तटबंदी, बुरूज चांगले टिकलेत, आणि फांद्या फुटलेलं ताडाचं झाड बघायला लोक खास येतात.

हे सगळे किल्ले पोर्तुगीज काळातले. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगिजांना दिला, तिथून ही कहाणी सुरू होते. मोगल बादशाह हुमायूं त्याच्यावर चालून येत होता आणि त्याला पोर्तुगिजांची मदत हवी होती. पुढे दोनशे वर्षांनी, जानेवारी १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांच्या मोहिमेत केळवे, माहीम, तारापूर मराठ्यांनी घेतले. तारापूरच्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. किल्ला अजून उभा आहे, पण आत वाडी आहे, विचारल्याशिवाय शिरू नका.

तारापूर-चिंचणीसाठी बोईसरला उतरायचं. चिंचणीचा किनारा लांब आणि सपाट, घोडागाडी, भुट्टे, भेळ सगळं मिळतं. सपाट किनाऱ्यावर ओहोटीला पाणी खूप दूर जातं, म्हणून वरचा हिशेब इथे आणखी लक्षात ठेवा. वाटेत मुलं विचारतीलच, "अणुवीज केंद्र कुठाय?" देशातलं पहिलं अणुवीज केंद्र इथलंच, १९६९ पासूनचं. ते आत जाऊन बघायची जागा नाही, आणि त्या बाजूला कॅमेरा काढू नका, उगाच विचारपूस होते. त्याच्या नव्या संयंत्रांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठवली गेली. बोईसरच्या कारखान्यांनी आपल्या कितीतरी घरांना रोजी दिली, आमच्या शाळेतल्या निम्म्या मुलांचे अब्बा तिथेच आहेत. पण त्या कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध मांगेला समाजाच्या संघटनेला हरित लवादात जावं लागलं हेही खरं. नाल्याच्या तोंडाशी मुलांना खेळू देऊ नका. वरच्या अंगाला वाढवणला मोठ्या बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली, मच्छीमारांचा विरोध असतानाच. हा किनारा आहे तसा बघायचा तर लवकर बघा.

नमाजचं सोपं आहे. जोहर पालघर किंवा बोईसरच्या मशिदीत पढून निघा. असर किनाऱ्यावर झाली तर समुद्राकडे तोंड करून जरा उजवीकडे वळा, किब्ला तिकडेच. वजूला समुद्राचं पाणी चालतं. कसरचा प्रश्न तुम्ही कुठून निघालात यावर आहे, आपल्या इमामसाहेबांना आदल्या दिवशी विचारून ठेवा. किनाऱ्यावर हनफी-शाफई वाद घालत बसू नका, सूर्य थांबत नाही.

खाण्याचं म्हणाल तर घरून डबा आणावा आणि मासळी इथली घ्यावी. उन्हाळ्यात ताडगोळे जरूर खा. शेजारीच बाटलीत पांढरं काही विकत असतील, मुलांना "नीरा आहे" म्हणून देऊ नका. दुपारपर्यंत तिची ताडी झालेली असते. चिकू घ्यायचे तर डहाणू-घोलवडचे.

परतताना पालघरला एक तास हातात असेल तर पाचबत्तीचा हुतात्मा स्तंभ मुलांना दाखवा, १४ ऑगस्ट १९४२ ला मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण शहीद झाले. पापलेट घ्यायचं असेल तर सातपाटी. पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा झाला, आणि सातपाटीचं नाव त्याच्याबरोबरच घेतात. जून-जुलैत मोठ्या बोटी बंद असतात, तेव्हा ताज्याच्या नावाखाली बर्फातलं मिळेल. कोळणीशी भाव करा, पण माशाचे कल्ले उघडून लालसर आहेत का ते आधी बघा, भाव मग. बर्फ दुहेरी पिशवीत घट्ट बांधून घ्या. एकदा आम्ही साधी पिशवी घेतली होती, विरार येईपर्यंत पाणी गळून समोरच्या बाकापर्यंत गेलं आणि सगळा डबा आमच्याकडे बघत होता.