विहिरीवरचा जुना पंप भट्टीत जातो तेव्हा

विहिरीवरचा जळालेला पंप वैभववाडीत भंगारात दिला, तर जाणता भंगारवाला तो तसाच काट्यावर टाकत नाही. आधी चुंबक लावतो. चिकटलं की लोखंडाच्या जातीचं. मग हातोडा: बीड काडकन फुटतं, पोलाद वाकतं. पंपाची बॉडी बिडाची, दांडा पोलादाचा, वायंडिंग बहुधा तांब्याचं. तिघांचे ढीग वेगळे, भावही वेगळे. तांब्याचा भाव लोखंडाच्या कितीतरी पट.

भाव हे एक कारण झालं. दुसरं असं की तांबं पोलादाच्या रसात एकदा मिसळलं की भट्टीत ते वेगळं काढता येत नाही. असं पोलाद तापवून लाटताना भेगाळतं. त्यामुळे भंगाराची खरी किंमत भट्टीच्या आधीच, हातोड्याखाली ठरते. या कामाला आपण फारसा मान देत नाही, हा भाग वेगळा.

करूळ घाट चढून गगनबावड्यावरून कोल्हापूर गाठलं की शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या लागतात. तिथल्या इंडक्शन भट्टीत भोवतालच्या कॉइलमधून वीज सोडली की भंगार आतूनच तापतं आणि वितळतं. कार्बन, सिलिकॉन मापात घालायचं, मळी काढायची, नमुना तपासायचा आणि रस वाळूच्या साच्यात ओतायचा. त्यातून पुन्हा पंपाची बॉडीही निघू शकते. जागतिक पोलाद संघटनेच्या हिशेबाने, पोलाद करताना वापरलेल्या एक टन भंगारामागे सुमारे १.४ टन लोहखनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो. आपल्याच जिल्ह्यात रेडीला लोहखनिजाची खाण आहे. टनभर खनिजासाठी किती डोंगर उकरावा लागतो, हे तिथे डोळ्यांनी दिसतं.

जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, टोपाचा हिशेब याहून मोठा. टनभर ॲल्युमिनियमला साधारण चार टन बॉक्साइट लागतं, आणि धातू वेगळा करायला चौदा हजार युनिटांच्या आसपास वीज. घाटावर राधानगरीतल्या दुर्गमानवाडचं बॉक्साइट बेळगावच्या कारखान्याला जात आलं आहे. तोच टोप पुन्हा वितळवायला नव्या धातूच्या तुलनेत जेमतेम पाच टक्के ऊर्जा पुरते.

तांब्यासाठी वायर मात्र जाळू नये. प्लास्टिकचा धूर विषारी असतो आणि काळवंडलेल्या तांब्याला भावही कमी मिळतो. आणि पावसाळ्यात भंगार छपराखाली ठेवावं, बंद डबे फोडून रिकामे करावेत. पाणी साचलेला डबा वितळलेल्या रसात पडला तर वाफेच्या स्फोटाने रस भट्टीवरच्या माणसाच्या अंगावर उडतो.